तिसऱ्या खेपेची सुई

आई म्हणायची, लोक दुधात पाणी शोधतात, ही पोरगी पाण्यातही पाणी शोधेल. खोटं नाही ते. संकलनाच्या धंद्यात संशय हेच भांडवल. एका दृश्यात भरलेला पेला पुढच्या दृश्यात रिकामा दिसला की माझं डोकं ठणकायला लागतं. म्हणूनच बादलीसरांवरच्या माहितीपटाचं काम त्यांच्या मुलीने स्वतः फोन करून मला दिलं, तेव्हा आनंदाच्या आधी शंका आली. माझ्यापेक्षा नावाजलेले संकलक पायलीचे पन्नास आहेत. मग मीच का?

बादलीसर दर आठवड्याला टीव्हीवर विज्ञान शिकवायचे. पांढरा कोट नाही, चकचकीत उपकरणं नाहीत; एक पत्र्याची बादली आणि घरातल्या चार वस्तू. प्रयोग फसला की दुसरे लोक तो भाग कापून टाकतात, सर हात वर करून ओरडायचे, "फसलं? तेही दाखवा!" गेल्या वर्षी ते वारले, तेव्हा लोकांनी स्टुडिओच्या फाटकापाशी बादल्या आणून ठेवल्या होत्या.

आमच्या घरात तर ते देवाच्या खालोखाल. कारण माझी ताई, दहा वर्षांची असताना, त्यांच्या कार्यक्रमात गेली होती. पाण्यावर सुई तरंगवायची होती. कागदाच्या कपट्यावर ठेवून कोणीही तरंगवतं, पण सरांचा हट्ट, नुसत्या बोटांनी. ताईची पहिली सुई बुडाली, दुसरीही बुडाली, तिसरी तरंगली. आम्ही सगळे जमिनीवर बसून टीव्ही बघत होतो, आणि आई आनंदाने रडत होती. पुढे मी गणितात आपटले, नोकरीत आपटले, दर वेळी आईचं एकच: "ताईची सुई आठव." ताई विज्ञानाची शिक्षिका झाली ती त्या सुईमुळेच. ती स्वतःच दरवर्षी वर्गाला तसं सांगते.

"सुईचा भाग तू एकटीने बघ. मदतनिसाला देऊ नकोस," सरांच्या मुलीने जुन्या टेपांचं खोकं माझ्यासमोर ठेवत सांगितलं. हेही मला खटकलं.

बघितला. तिसऱ्या खेपेला पडद्यावर फक्त बोटं दिसतात, पाणी दिसतं, आणि सुई अलगद टेकते. सुंदर दृश्य. मी ते पुढे नेलं, मागे आणलं, परत पुढे नेलं. काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग बटणावरच्या माझ्याच हाताकडे लक्ष गेलं. आमच्या घराण्यात करंगळी वाकडी असते, आजोबांपासून. ताईचीही आहे. पहिल्या दोन खेपांच्या दृश्यांत ती नीट दिसते. तिसऱ्या खेपेची करंगळी मात्र पट्टीसारखी सरळ होती.

मी न कापलेली टेप लावली. सुई बुडते, पुन्हा बुडते, पुन्हा पुन्हा बुडते. ताईचे हात लटलट कापतायत. ती रडते आणि कॅमेरा बंद होतो. त्यानंतर एकदम ती सरळ बोटं. ताईचा तो प्रसिद्ध हसरा चेहरा टेपेच्या अगदी सुरुवातीचा निघाला, बादली सरांच्या पायावर कलंडली तेव्हाचा.

मला संताप आला, इतका की स्क्रीनवरचे सर बघवेनात. फसलेलं दाखवा म्हणे! आणि त्या संतापाच्या खाली भीती होती. ताईची मुलाखत दुसऱ्या दिवशी होती, आणि अख्खा माहितीपट तिच्या सुईवर उभा होता. गप्प बसले तर मीही त्या लबाडीत सामील. बोलले तर जन्मभर जिच्या जोरावर ती उभी राहिली ती गोष्टच मी तिच्याकडून काढून घेणार.

मी तडक शेजारच्या खोलीत गेले. सरांची मुलगी चहा पीत होती.

"तो हात कोणाचा आहे, मॅडम?"

तिने कप खाली ठेवला आणि पंजा टेबलावर पसरला. "माझा. मी नऊ वर्षांची होते. घरी बाबांबरोबर सराव करून करून माझा हात बसला होता. घरी जाताना बाबा म्हणाले, कोणाला बोलायचं नाही. नाही बोलले."

"आणि मला काम दिलंत ते यासाठी?"

"मला सांगवेना. तू तिची बहीण, आणि संशयी. तू शोधशील हे माहीत होतं."

"म्हणजे तुमचं लोढणं माझ्या गळ्यात!"

तिने पंजा टेबलावरून मागे घेतला. मला ती आवडेनाशी झाली, आणि तिची दयाही आली. बाप टीव्हीवर सगळ्या मुलांचे प्रयोग फसू द्यायचा, आणि घरात हिला हात बसेपर्यंत घोटवून घ्यायचा.

सकाळी ताई आली, नेहमीसारखी लवकर, केस चापूनचोपून बसवलेली. तिला बाजूला घ्यायचं मी ठरवलं होतं. "ताई, एक सांगायचंय," म्हटलं, तर ती म्हणाली, "नंतर सांग गं, आधी मुलाखत होऊ दे." मीही सांगायचं टाळलं.

कॅमेरा सुरू झाला. समोर तीच पत्र्याची बादली होती. ताईने गोष्ट सुरू केली, शब्दाला शब्द तीच. पहिली बुडाली, दुसरी बुडाली. तेवढ्यात सरांची मुलगी तिचा माइक नीट करायला वाकली, आणि ताई तिच्या हाताकडे बघत थांबली.

"तूच ना गं ती? कोपऱ्यात स्टुलावर बसलेली?"

सरांच्या मुलीने मान डोलावली. ताईला सगळं माहीत होतं, आणि का नसेल? तीच तर तिथे होती. जगभर संशय घेत फिरणाऱ्या मला घरातल्या माणसाचा कधी आलाच नव्हता.

"मी घरी सांगणार होते," ताई माझ्याकडे वळून म्हणाली. "पण टीव्ही लागला आणि आई रडायलाच लागली. मग राहून गेलं. दरवर्षी वर्गात सांगते, आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतं, बाई, करून दाखवा ना. मी म्हणते, आता तास संपत आलाय."

तिने पर्समधून सुई काढली. घरून आणली होती तिने.

पहिल्या खेपेला बुडाली. तिने ती पुसून कोरडी केली आणि पुन्हा ठेवली. पुन्हा बुडाली. हात तसाच कापत होता, दहा वर्षांच्या मुलीचा कापावा तसा. सरांच्या मुलीला राहवेना. तिचा हात आपोआप पुढे आला.

"नको," ताई म्हणाली. "तुझी तरंगते. मला माहीत आहे."

कॅमेरावाल्याने हळूच विचारलं, बंद करू का? मी म्हटलं, हात लावलास तर बघ.

तिसऱ्या खेपेची सुईही बुडाली. ताई बादलीत बघत राहिली. मग बाही वर करून तळातली सुई काढत म्हणाली, "उद्या वर्गात तास सुरू होताच करते. घंटा व्हायला भरपूर वेळ असतो."

ते दृश्य मी माहितीपटात ठेवलं आहे, कुठेही न कापता. लांबलंय असं सगळे म्हणतात. पडद्यावर वाकडी करंगळी अगदी स्वच्छ दिसते.