बोटांचं मलम

नलूबाईचं मलम चांगलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. उगाच कोणी म्हणायला नको की बाईला काही येत नव्हतं. येत होतं. चूक मलमात नव्हती.

तालुक्याला, नेरला, बायांचं तीन दिवसांचं शिबिर झालं, त्यात ती साबण आणि मलम करायला शिकून आली. तेव्हापासून अर्धं स्वयंपाकघर तिच्या नादाचं झालं. संत्र्याच्या साली छपरावर वाळायच्या, त्यांचं उटणं व्हायचं. साबण ओतायला साचे नव्हते म्हणून तिनं इडलीपात्र धरलं. त्याला कडुलिंबाचा वास असा बसला की घरात इडली कायमची बंद झाली. पोरगा राजदीप पुण्याला नोकरीवर, घरात दोघंच, म्हणून हे खपून गेलं.

नवरा बाबाराव एसटीत कंडक्टर होता. रिटायर झाल्यावर त्यानं गावात पाच एकर घेतली. ज्या शिवारात त्याचे मायबाप दुसऱ्याच्या कापसाच्या पऱ्हाटीत वाकून म्हातारे झाले, त्याच शिवारात. दोन्ही धुऱ्यांना, बांधांपलीकडं, मोठ्या लोकांची वावरं, मधात बौद्धवाड्यातल्या कंडक्टरचं. कापूस जरा पिवळा पडला तरी धुऱ्यावरून माना वर व्हायच्या. त्यामुळं बाबाराव शेतीच्या बाबतीत फार हळवा झाला होता. घरी मात्र हसायचा.

"नलू, वाटीत चटणी कोणची अन् उटणं कोणचं, ते सांगून ठेवत जा बाप्पा. काल मी उटण्यावर तेल घेतलं."

"मंग? पोट गोरं झालं का?"

असं चालायचं. नलूलाही हसू यायचं, पण पुढं पुढं ती नवीन काही केलं की लपवायला लागली. हसणं सोसतं माणूस, रोजचं हसणं नाही सोसत.

दोन हजार पाचचं साल होतं ते. कापसाची नासकी सालं. भाव पडलेला, आणि बाजारात ग्रेडर कापसात हात असा खुपसायचा की जणू तुम्ही त्याला फाटलेलं दूध विकायला आणलं.

दुसरा वेचा सुरू झाला. वेचायला तांड्यावरच्या सात बाया किलोच्या भावानं यायच्या. हंसाबाई त्यांची मुकादम. शब्दाची पक्की आणि तोंडाची त्याहून पक्की. त्या सातांत धनीबाई सगळ्यात वयस्क. बोंड फुटून वाळलं की त्याच्या कवचाची टोकं सुयांसारखी होतात. कापूस ओढताना ती नखाच्या कडेला घुसतात. नलू चहा घेऊन वावरात गेली तर धनीबाईनं कप बोटांनी धरलाच नाही, दोन तळव्यांच्या मधात धरला.

नलूची माय असाच धरायची.

त्या दुपारी नलूनं मलम केलं. पातेल्यात पाणी, पाण्यात जर्मनची वाटी, वाटीत तिळाचं तेल आणि मोहळाचं मेण. मेण विरघळल्यावर दोन चमचे हळद. थंड ताटलीवर थेंब टाकून पाहिला, गोठला, बोटानं दाबला तर लोण्यासारखा पसरला. असं जमलं नव्हतं कधी. तिनं ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरलं आणि सकाळी कोणी पाहत नाही असं पाहून धनीबाईच्या हातात दिलं.

"हे घे. बोटांले लाव."

"काय हाय वो बाई?" धनीबाईनं डबी उघडून हुंगली. "माय! वास तं लग्नाचा येऊन राह्यला. या वयात मले हळद लावतं का?"

"नवरदेव पाह्यला नाई अजून. बोटं नीट होऊ दे आधी."

"झोपताना लावू?"

इथं थांबलं पाहिजे. धनीबाईनं बरोबर विचारलं होतं. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं. हो म्हणायचं, संपलं. पण तांड्यावर, अंधारात, धनीबाई मलम लावणार आणि झोपणार, ते पाहायला नलू कुठं असणार होती? तिला आपलं मलम काम करताना डोळ्यांनी पाहायचं होतं.

"नाई," ती म्हणाली. "सकाळी लावजो. वेचायले लागायच्या आधी. दुपारी भाकर खाल्ल्यावर अजून एकदा. बोंड टोचणारच नाई, पाह्य तू."

"बरं."

"अन् आमच्या घरी नको सांगू. मालक हसतेत मले."

"नाई सांगत, बाई."

नलूनं स्वतः आठव्या वर्षापासून लग्नापर्यंत कापूस वेचला होता. त्या दिवसांत तिची माय वेचायला निघताना पोरींना डोक्याला तेल लावू द्यायची नाही. चुकून लावलंच तर मातीनं हात घासायला लावायची, कोपरापर्यंत. तेलाचा हात कापसाला लावायचा नाही, हे नलूला नावासारखं पाठ होतं. आठवलं नाही, असं ती नंतर स्वतःला सांगायची. पण आठवलं नाही म्हणजे काय? चपला घालायला कधी विसरली का? आपण केलेल्या वस्तूचं कौतुक डोळ्यावर आलं की माय काय सांगायची ते दिसत नाही, एवढंच.

चार दिवस धनीबाईनं सांगितल्यासारखं केलं. बोटं भरून आली. नलू चहा घेऊन गेली की धनीबाई दुरूनच बोटं हलवून दाखवायची आणि नलू दिवसभर मनात गाणं म्हणायची. सातही जणींसाठी करू, असं तिनं ठरवलं. मेणाचं सांगूनही ठेवलं.

पाचव्या दिवशी बाबाराव कापूस घेऊन नेरला गेला. परत आला तो चपला न काढता घरात शिरला. खिशातून रुमाल काढला, ताटावर उलटा केला. कापसाचे बोंदे होते. पिवळे, चिपकलेले, आणि त्यांना पऱ्हाटीचा वाळलेला पाला असा धरला होता जसा गुळाला मुंगळे धरतात.

"सगळ्या बाजारापुढं म्हणे ग्रेडर, काका, कापूस आणला का जुनी गादी उसवून आणली? जिथं हात घालावा तिथं हे. अख्खी गाडी खालच्या ग्रेडमंधी टाकली." तो बसला. "अन् आपल्या धुऱ्यावरचे बसले होते तिथं. म्हणतेत, कंडक्टर, तिकीट फाडणं सोपं हाय."

नलूनं एक बोंदा नाकाशी नेला. नेण्याची गरज नव्हती. तीळ, मेण, हळद.

"पाणी देऊ का?" ती म्हणाली.

एवढंच म्हणाली.

सकाळी बाबारावनं वावरात बायांना रांगेत उभं केलं.

"हात दाखवा."

"कायचे हात?" हंसाबाई बोलली. "मेंदी लावून आलो का आम्ही?"

"दाखवा म्हटलं."

नलू बैलबंडीपाशी किटली घेऊन उभी होती. बाबाराव एकेक हात पाहत गेला आणि धनीबाईपाशी थांबला. तिची बोटं पेरापर्यंत पिवळी.

"हे काय?"

"हळद हाय, मालक."

"कायले?"

"बोटं चिरले होते."

"हळदीनं कापूस असा चिपकत नाई. तेल लावलं तू. वजन वाढावं म्हणून तेलाचे हात लावून राह्यली कापसाले?"

धनीबाईनं बाबारावकडं पाहिलं नाही. तिनं नलूकडं पाहिलं. रागानं नाही, घाईनंही नाही. आता तू बोल, अशी वाट पाहून पाहिलं.

नलूनं किटलीचं झाकण उघडलं आणि आत पाहिलं. आत चहा होता.

तेवढ्या वेळात तिच्या डोक्यातून काय काय गेलं! हिनं सांगितलं तर आपण हो म्हणू. आपण होऊन सांगितलं तर धुऱ्यावरचे म्हणतील, कंडक्टरच्या बायकोनंच कापूस नासवला, यांना शेती कोणी सांगितली? बाबाराव बाजारात तोंड कसं दाखवील? सगळी कारणं नवऱ्याच्या इभ्रतीची होती. तिची स्वतःची भीती त्यात एकाही जागी नव्हती, इतकी चांगली कारणं होती ती.

"धने, बोल वो," हंसाबाई म्हणाली. "कोणी देल्लं?"

"कोणी नाई," धनीबाई म्हणाली. "घरचीच हळद. घरचंच तेल. मीच लावलं."

हंसाबाईचा चेहरा उतरला. सहा बायांची मजुरी तिच्या नावावर चालायची. एकीचा हात वाईट म्हटलं की टोळीचा वाईट. "मंग माह्या टोळीत नको तू," ती हळू बोलली. "अशी नको."

धनीबाईनं कमरेची ओटी सोडली. सकाळची वेळ, ओटीत कापसाचं एक बोंडही नव्हतं. तरी तिनं ती उलटी केली, सगळ्यांपुढं झाडली, घडी घातली आणि धुऱ्यानं निघाली. झाड म्हणून तिला कोणीही म्हटलं नव्हतं. नलूच्या मायला म्हणायचे. रोज संध्याकाळी पाटलाची बाई दारात उभी राहून म्हणायची, झाड वो ओटी, कापूस तं नाई लपवला. आणि नलू, सातआठ वर्षांची, मायच्या मागं उभी राहून त्या बाईचा मनात जीव घ्यायची.

शिवारात बातमीला पाय लागत नाहीत. धनीबाई कापसाला तेल लावते, हे दोन दिवसांत चहूकडं झालं. तिला कोणी वेचायला घेईना.

नलू सांगणार होतीच. आज ते रागात आहेत, उद्या सांगू. उद्या बाबारावचं डोकं दुखत होतं. परवा पाहुणे होते. रविवारी विहारात वंदनेला बसली तर चौथ्या शीलावर तिचा आवाज बसला. मुसावादा वेरमणी. खोटं बोलणार नाही. बाजूच्या बाईनं विचारलं, घसा धरला का? नलू म्हणाली, हो. मग ती हिशेब करत बसली की आपण खोटं बोललो कुठं, आपण तर काहीच बोललो नाही. आणि घसा धरला हे खोटंच होतं, म्हणजे वंदनेत बसल्या बसल्या एक झालंही.

या दिवसांत तिनं साबण फार केले. हात रिकामा राहिला की किटली आठवायची.

धनीबाई गेली त्याच्या अकराव्या दिवशी चार साबण आणि उटण्याची पुडी घेऊन ती तांड्यावर गेली. धनीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. नलूनं साबण मांडले.

"मालकाले सांगितलं का?" धनीबाईनं विचारलं.

"नाई अजून."

"मंग साबण कायचे?"

नलूनं मांडलेले साबण उगाच सरळ केले. मग म्हणाली, "तू काहून नाई सांगितलं त्या दिवशी?"

"तू म्हटलं होतं ना, नको सांगू." धनीबाईनं शेंग फोडली. "मी म्हटलं, बाई सांगन. तिची वस्तू हाय, तेच सांगन. तोंड तं तुलेही हाय."

"माही चूक झाली, धनीबाई. मी..."

"माह्यापुढं सांगून काय फायदा? मले तं माहीतच हाय." तिनं साबण एकेक करून परत पिशवीत भरले, पुडीही भरली, आणि पिशवी नलूच्या मांडीवर ठेवली. "टोळीपुढं सांग."

त्याच संध्याकाळी नलू वावरात गेली. काट्यावर गाठोडी लागत होती. सहा बाया, बाबाराव, आणि पलीकडच्या धुऱ्यावर बैल सोडत असलेला शेजारी. त्याच्याही कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं ती बोलली.

"ते मलम माहं होतं. हळद माही, तेल माहं. मीच धनीबाईले देल्लं अन् मीच म्हटलं सकाळी लाव. ते झोपताना लावतो म्हणत होती."

बाबाराव आधी हसला. सवयीनं. मग काट्याची साखळी त्याच्या हातातून सुटली.

हंसाबाईनं बोटांवर दिवस मोजले. "अकरा दिवस, बाई? बोंडं कोणाची वाट पाहत नाई. दुसरा वेचा आज सरला. ते बुढी अकरा दिवस घरी बसली, अन् तिले मी बसवली." ती थुंकली बाजूला. नलूवर की स्वतःवर, ते कळलं नाही.

घरी जाताना बाबाराव दोन पावलं पुढं चालत होता. मग म्हणाला, "मले तं सांगाचं होतं."

"तुम्ही हसले असते."

तो चालत राहिला. "हो," म्हणाला. "हसलो असतो."

तिसऱ्या वेच्याला धनीबाई आली. टोळीबरोबर, हंसाबाईच्या बाजूनं. बाया आपापल्या तासांवर, पऱ्हाटीच्या ओळींवर, लागल्या, पण ती सरळ नलूपुढं येऊन उभी राहिली आणि दोन्ही हात पुढं केले. आधी तळवे, मग उलटे. बोटं फाकवून.

"पाह्य, बाई."

"राहू दे ना, धनीबाई. कोणी म्हटलं तुले?"

"पाह्य."

बाबारावनं मान वळवली. हंसाबाईनं लांबून हाक मारली, चल वो धने, झालं आता. धनीबाई हलली नाही. नलूनं पाहिलं तेव्हाच ती गेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. तोंडानं वाईट शब्द नाही, चहा घ्यायची, हसायचीही इतरांशी. फक्त कामाला लागायच्या आधी हात.

बोटं पुन्हा चिरली होती. जुन्या भेगांच्या बाजूला नव्या, नखापाशी रक्त वाळलेलं. नलूच्या पदराच्या गाठीत डबी होती. मलम तेच, ताजं केलेलं, थेंब ताटलीवर पाहून घेतलेला. झोपताना लाव, एवढंच म्हणायचं होतं. रोज घरून निघताना ती ते शब्द तोंडात धरून यायची.

धनीबाई हात उलटे करायची. नलू पाहायची. मग धनीबाई आपल्या तासाला लागायची आणि डबी पुन्हा घरी यायची.