आतलं उघडंच राहिलं

बाबा चप्पल घालायला लागले की दाराशेजारच्या छोट्या स्क्रीनवर एक ओळ उमटायची: ‘चष्मा डोळ्यांवरच आहे, शोधू नका.’ परतल्यावर दुसरी: ‘आलात? आधी पाणी प्या.’ अशा बऱ्याच ओळी आईनं हसत हसत लिहिल्या होत्या. आई जाऊन वर्ष होत आलं, तरी त्या रोज येत होत्या.

निवृत्तीनंतर बाबा हौसेनं जावास्क्रिप्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले होते. घरातले दिवे, खोल्यांचं तापमान आणि या ओळी सांभाळणारा प्रोग्राम त्यांचाच. आई गेल्यावर त्यांनी ही सगळी माहिती असलेला ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्राममधला माहितीचा डबाच, ‘फ्रीझ’ करून, गोठवून टाकला. कुणाचा चुकूनही हात लागायला नको.

मुलगी सुट्टीला आली. ती प्रोग्रामर. खोली गार वाटली म्हणून तिनं तापमान वाढवायला घेतलं, तर आकडा जागचा हलेना.

“हलणारच नाही!” बाबा खुशीत म्हणाले. “तुझ्या आईनं ठेवलंय तसंच राहणार. ये, दाखवतो.”

त्यांनी लॅपटॉपवर तापमान बदलून पाहिलं. काही झालं नाही. दिव्यांची वेळ बदलली, तीही तशीच.

“आता या ओळी. सगळ्या पुसतो, बघ.”

“बाबा, थांबा! फ्रीझ फक्त वरवर...”

त्यांनी एंटर दाबलं होतं. ओळींची यादी कोरी झाली.

ओळी आत वेगळ्या ऑब्जेक्टमध्ये होत्या, डब्यातल्या डब्यात. बाहेरचा गोठवला, आतला राहून गेला. आणि झालेला बदल लगेच जतन व्हावा, ही सोयही बाबांनीच करून ठेवली होती.

“दुसरी प्रत असेल ना?”

“जे बदलणारच नाही, त्याची प्रत कशाला ठेवू गं?”

दोघं आठवायला बसले. चष्म्याची आठवली, पाण्याची आठवली. पावसातली काय होती? छत्रीचं काहीतरी. मुलीनं एक वाक्य सुचवलं.

“छे, हे तिचं नाही. ती असं गोड बोलायचीच नाही.” बाबा हसले आणि हसता हसता त्यांना रडू फुटलं.

पाचच ओळी जमल्या. बाकीच्या जागा बाबांनी भरू दिल्या नाहीत. मुलीनं आतलं-बाहेरचं सगळं नीट गोठवलं.

“बदलून बघायचं का?” तिनं हळूच विचारलं.

बाबांनी लॅपटॉप मिटला.