बेचाळीस हजारांसमोर एक कामठा

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. मला धनुष्य म्हणू नका. धनुष्य म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी चकचकीत, नक्षीदार येतं, आणि मग माझ्याकडे बघून त्यांचं तोंड उतरतं. मी कामठा. माणग्याच्या बांबूचा, सायकलच्या ट्यूबने मूठ बांधलेला, एका पेराशी जरासा वाकडा. तारकर्लीच्या तुळसा तांडेलबाईंचा मी, आणि आज बोलायची पाळी माझी आहे.

माझा जन्म वालावलचा. तिथल्या एका बेटात आम्ही वीस-पंचवीस बांबू दाटीवाटीने उभे होतो. खाली भातखाचर, वर आभाळ. तीन वर्षं मी नुसता वाढलो, आणखी काही केलं नाही. मग पौषात, अंधाऱ्या पंधरवड्यात, दाजी आले. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेल्या बांबूला कीड लागत नाही असं आमच्याकडे म्हणतात. दाजींनी प्रत्येकाला बोटाने टिचकी मारून बघितली, माझ्यापाशी थांबले, कान लावला आणि म्हणाले, "ह्यो भरलेलो आसा." झालं, कोयता बसला.

हे दाजी म्हणजे तारकर्लीतले होड्या बांधणारे मेस्त्री. फायबरच्या होड्या आल्यापासून त्यांच्या वाकसाला, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराला, काम उरलं नव्हतं. वीस दिवस त्यांनी मला खाडीच्या खाऱ्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवलं. खेकडे अंगावरून फिरायचे, काय सांगू! मग दोन-अडीच महिने चुलीवरच्या माळ्यावर धूर खात पडलो. तिथे पडल्या पडल्या मी खालची बोलणी ऐकली आणि मला कळलं की मला कशासाठी आणलंय.

तुळसाबाई दाजींच्या शेजारणी. वय बेचाळीस. सकाळी रापणीचं मोठं जाळं ओढायला किनाऱ्यावर, आणि नंतर माडांच्या बागेतल्या एका पर्यटक निवासात झाडलोट. त्या निवासात पाहुण्यांना हौस म्हणून बाण मारायचं छोटं मैदान होतं. चुकलेले बाण सुरूच्या बनातून वेचून आणायचे, हेही बाईंचंच काम. पाहुणे दुपारी माशाचं जेवण जेवून आडवे झाले, की बाई तिथलंच एक धनुष्य उचलून दोन-चार बाण मारायच्या. शिकवणारा जितेंद्र, कोल्हापूरचा. आधी तो हसला, मग बघत राहिला, मग स्वतःहून शिकवायला लागला. दीड वर्ष हे चाललं.

फक्त एका गोष्टीवरून तो वैतागायचा. बाई दोरी ओढताना टाच रुतवून अंग मागे टाकायच्या. "बाई, सरळ उभ्या राहा! तुम्ही जाळं ओढत नाही आहात," असं तो दिवसातून दहादा म्हणायचा.

आता जितेंद्रला गोव्यात नोकरी लागली होती. मे संपला की तो जाणार होता. बाईंनी हिंमत केली आणि मालकांना विचारलं, "सायबानू, त्या जागेर माका ठेवा. मी शिकवतलंय."

मालक हसले नाहीत, पण जे बोलले ते हसण्यापेक्षा वाईट. म्हणाले, "पाहुण्यांना काय सांगू? आमची झाडूवाली शिकवते म्हणून? तुझ्याकडे स्वतःचं साधं धनुष्य नाही. कुडाळला मेमध्ये खुली स्पर्धा आहे, पारंपरिक धनुष्याची. तिथे पहिली ये, जागा तुझी. नाहीतर मी पुण्याहून माणूस आणतो."

स्पर्धेत धनुष्य आपलं लागतं. बाईंनी जितेंद्रला त्याच्या धनुष्याची किंमत विचारली. त्याचं धनुष्य मागणीवरून बनवलेलं. हाताच्या मापाची मूठ, तीन जातींच्या लाकडांच्या पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या, वर काचेसारखी झिलई. बेचाळीस हजार रुपये, आणि पैसे भरून आठ महिने वाट बघायची. कारखान्यातलं तयार घेतलं तरी पंधरा हजार. दोन हजारांतही मिळतं, पण ते पोरांच्या वाढदिवसाला द्यायचं. बाई घरी आल्या त्या थेट दाजींच्या पडवीत.

"दाजीनू, माका एक कामठो करून देवा."

"तुळसा गो, माका होडयेचा काम येता. ह्या माका येना नाय."

"होडी पाण्यात वाकता, ह्यो हातात वाकतलो. तुमका लाकूड कळता ना? मगे झाला तर!"

दुसऱ्या दिवशी दाजी वालावलच्या गाडीत बसले. बांबूवाल्याने पैसे घेतले नाहीत, बांगडे घेतले. दाजींनी मजुरीत सुका गोलमो, म्हणजे सुकवलेला जवळा घेतला, तोही कुरकुरत, "ह्या जास्त झाला" म्हणून.

मला उभं चिरलं तेव्हा आम्ही दोघे झालो. एक मी, एक माझा भाऊ. दाजींनी आधी त्याला हातात घेतलं. आणि इथे त्यांनी अशी चूक केली की ती फक्त होडीवालाच करू जाणे. होडीची फळी कशी, बाहेरून गुळगुळीत हवी, पाणी अडता कामा नये. चाळीस वर्षांची सवय! त्यांनी भावाच्या पाठीवरून रंधा फिरवला आणि बांबूची वरची टणक साल पार काढून टाकली. दिसायला इतका देखणा झाला तो की मला हेवा वाटला. बाईंनी दोरी चढवली, एकदा ओढली, दोनदा ओढली, आणि तिसऱ्यांदा फाडकन आवाज झाला. भाऊ दोन तुकडे होऊन अंगणात पडला. एक टोकदार चिरफळी दाजींच्या भुवईत घुसली. बाईंनी पदराने रक्त पुसलं आणि तिथेच रडायला लागल्या, कारण स्पर्धेला सोळा दिवस उरले होते.

दाजींनी तुकडे उचलून सोललेल्या पाठीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी चुकलंय. सगळो जीव ह्याच्या सालीत होतो, आणि मी तीच सोललंय."

माझ्या पाठीला त्यांनी हात लावला नाही. जे काही काढायचं ते पोटाकडून काढलं. मला फणसाच्या फांदीला आडवा टांगायचे, दोरीने खाली ओढायचे, लांब जाऊन बघायचे की दोन्ही बाजू सारख्या वाकतात का. जिथे ताठ वाटेल तिथे फुटक्या बाटलीच्या काचेने खरवडायचे. असं आठ दिवस. जाळ्याच्या दोऱ्याची पीळ घातलेली दोरी, वरून मेण. निवासाने टाकून दिलेल्या बाणांना गावठी कोंबड्याची पिसं. सगळा मिळून हजाराच्या आतला खर्च, आणि मी तयार! आणि ताकद म्हणाल तर रापण ओढणाऱ्या खांद्यासाठी बनवलेली. लेचापेचा माणूस मला कानापर्यंत आणूच शकत नाही. हे मी फुशारकीने सांगतोय, सांगणारच.

माझ्यात एक खोड होती. बाण दोन बोटं डावीकडे जायचा. बाईंनी दोन दिवसांत ओळखलं आणि दोन बोटं उजवीकडे नेम धरायला लागल्या. मला बरं वाटलं. कोणी आपली खोड न काढता आपल्याला समजून घेतं, तेव्हा किती बरं वाटतं!

कुडाळच्या मैदानावर मला बघून लोक काय काय बोलले! "काजू काढायची काठी आहे का ही?" एकाने विचारलं. जितेंद्रही स्पर्धेत होता. तोही म्हणाला, "बाई, मला सांगायचं होतंत, मी कुणाकडून तरी जुनं मिळवून दिलं असतं." मनाने वाईट नाही तो. पण राग यायचा तो आलाच मला.

तीस मीटरवर निशाण. सहा-सहा बाणांच्या तीन फेऱ्या, एका बाणाला फार तर दहा गुण. पहिली फेरी झाली तशी कुजबुज थांबली. दुसरी झाली तेव्हा फळ्यावर जितेंद्र पहिला, अठ्ठ्याण्णव. तुळसा तांडेल दुसरी, चौऱ्याण्णव. बाकीचे कुठल्या कुठे मागे.

मग जेवणाची सुट्टी झाली. जितेंद्रने त्याचं बेचाळीस हजारांचं धनुष्य गाडीत ठेवलं, काचा बंद करून. मे महिना, कुडाळचं ऊन. तासाभराने बाहेर काढलं तर चिकटवलेल्या पट्ट्या सुटून पापुद्रे निघालेले. बिचारं! खरं सांगतो, क्षणभर मलाही वाईट वाटलं. क्षणभरच. मग लक्षात आलं की आता जितेंद्र बाद, आणि बाई पहिल्या!

पंच म्हणाले, दुसऱ्या स्पर्धकाचं धनुष्य चालेल, पण दहा मिनिटांत आणा. जितेंद्र रांगेतून फिरला. कोणी मान वळवली, कोणी फोनमध्ये बघायला लागलं. शेवटी तो मैदानाच्या कडेला जाऊन बसला. आणि माझ्या मालकीणबाई उठल्या, त्याच्यापाशी गेल्या आणि मला पुढे केलं.

"घे रे. ह्यो घे माझो कामठो."

अहो, माझ्या अंगाची लाही लाही झाली! मागे दाजी उभे होते, भुवईवर पट्टी. ते ओरडले, "गो तुळसा, खुळी झालंस काय? तुझी जागा जातली!"

"दाजीनू," बाई शांतपणे म्हणाल्या, "रापणीच्या दोरयेक कोणी हात लावल्यान तर त्याका बाजूक सर म्हणतत काय? माका जिकूचा आसा, पण ह्येका बसवून नको."

आणि वर त्याला माझं गुपितही सांगितलं! "दोन बोटां उजवीक धर. ह्यो डावीकडे जाता." मी मनात म्हटलं, आता मोडूनच पडावं. पण ज्या बाईने मला जगात आणलं तिचा शब्द कसा मोडणार? प्रामाणिकपणे वाकलो.

जितेंद्रचा पहिला बाण खाली गेला. मला कानापर्यंत आणणं त्याला जमत नव्हतं. बाई मागून म्हणाल्या, "हातान नको रे ओढू, पाठीन ओढ." दुसरा बरा गेला. सहा बाणांचे एक्केचाळीस झाले. एकूण एकशे एकोणचाळीस.

आता बाईंना सेहेचाळीस हवे होते. त्यापेक्षा कमी म्हणजे परत झाडू. पहिले चार बाण चांगले बसले, आठ, सात, आठ, नऊ. पाचवा सहावर. मला जाणवत होतं, बाई पुस्तकातल्यासारख्या ताठ उभ्या होत्या, शहाण्यासारख्या, लोक बघतायत म्हणून. शेवटच्या बाणाला आठ तरी हवेत. मालक पहिल्या रांगेत येऊन बसले होते, त्यांच्या हातातला सोडा तसाच राहिला होता.

बाईंनी बाण लावला, एकदा खाली बघितलं आणि चप्पल काढून बाजूला सारली. उजवी टाच मातीत रुतवली. अंग मागे टाकलं, रोज पहाटे जाळं ओढताना टाकतात तसंच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दाजींनी मला कोणत्या ओढीसाठी बनवलंय. मी पोटातून वाकलो, पाठीची साल करकरली, पण टिकली. आणि दोरी सुटली.

नऊ!

एकशे एक्केचाळीस! काय तो गलका! दाजी धावत आले ते बाईंकडे नाही, माझ्याकडे. मला दोन्ही हातांनी धरून ओरडले, "जिकलंस रे मेल्या, जिकलंस!" आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. जितेंद्रने सगळ्यांसमोर बाईंच्या पायाला हात लावला. त्याला दुसरा नंबर मिळाला, माझ्याचमुळे. त्याने कबूलही केलं ते.

मालक शब्दाला जागले. उलट जरा जास्तच खूश झाले. म्हणाले, "तुळसाबाई, आता तुम्हाला मागणीवरचं धनुष्य घेऊन देतो. बेचाळीस हजार तर बेचाळीस हजार. पाहुण्यांसमोर शोभलं पाहिजे." कालपर्यंत 'तू' होतं, आज 'तुम्हाला'!

बाई म्हणाल्या, "सायबानू, त्या पैशात दाजींकडसून वीस कामठे करून घेवा. गावची वीस पोरां एका टायमाक उभी ऱ्हवतली. आणि त्यातल्या एकाची तरी आये माझ्यासारी झाडू मारणारी आसतली."

मालकांनी मनात हिशोब केला. मग होकाराची मान हलवली. आता दाजींच्या पडवीत दिवसभर काचेने खरवडल्याचा आवाज असतो. पोरं येतात, बाईंना 'मॅडम' म्हणतात आणि टाच रुतवून ओढतात. कोणी सरळ उभं राहिलं तर बाईच ओरडतात.

मला विचाराल तर मी थोडा वाकून बसलोय. बांबूला तसं होतंच. दाजी म्हणतात अजून वर्षभर टिकेन, फार तर दोन. मालकांची इच्छा आहे की मला काचेच्या कपाटात ठेवावं, खाली पितळी पाटी लावावी. तुम्ही कोणी आलात तर त्यांना माझ्या वतीने एवढं सांगा. ते कपाट विकून आणखी दोन कामठे करा म्हणावं. कपाटात मी शंभर वर्षं टिकेन, पण तो मी नसेन. मला रोज ओढा, पूर्ण ओढा. मोडायचं असेल तेव्हा एखाद्या पोरीच्या हातात, नेम धरलेला असताना मोडेन.

बरं, पुरे झालं. बाई येतायत, आणि आज त्यांच्याबरोबर एक नवी मुलगी आहे, अनवाणी.