घंगाळातली शेवंड

आमच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि त्याच घराच्या परसात माघातल्या एका रविवारी लाखभर अंडी पोटाशी घेऊन एक शेवंड, म्हणजे समुद्रातली मोठी काटेरी कोळंबीच, येऊन राहिली. सन एकोणीसशे छत्तीस. आमचे हे, म्हणजे मार्तंड मास्तर, बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे आणि मुलांना दाखवायला नाही नाही ते घरी आणायचे. बेळगुंदीच्या जोतिबाची लॉरी आठवड्यातून दोनदा वेंगुर्ल्याला जायची. त्याला यांनी सांगून ठेवलं होतं. त्यानं एका लाकडी पिंपात शेवंड आणि दुसऱ्यात नुसतं समुद्राचं पाणी आणून उतरवलं.

"वैनी, पावनी आनलीया," जोतिबा म्हणाला. "लई नाजूक हाय. उद्या न्हायतर गुरुवारी परत न्हेतो आन् हुती तिथं सोडतो."

"हिला उंबऱ्याच्या आत आणलंत तर मी माहेरी निघाले," मी यांना बजावलं. माहेर निपाणीला, जवळच, त्यामुळे ही धमकी मी वरचेवर द्यायची.

पण संध्याकाळी मीच पिंपावर वाकून बसले होते. हातभर लांबीची, अंगभर काटे, आणि अंगापेक्षा लांब मिशा. शेपटीखाली पानांसारख्या चपट्या पायांच्या जोड्या होत्या, आणि त्यांना द्राक्षाच्या घोसासारखी अंडी चिकटलेली. ती पानं सारखी हलत. अंड्यांना वारा घालायचं काम, हे म्हणाले. शेवटच्या पायाला बारीक चिमटा होता, त्यानं ती अंडी एकेक करून निवडून साफ करायची. मी जोंधळे निवडते तशी. अशी निगुतीची बाई मला फार आवडते.

"यातून पिल्लं येतात ती शेवंडीसारखी दिसतच नाहीत," हे सांगत होते. "काचेच्या पानासारखी चपटी, आरपार दिसणारी. महिनोन् महिने पाण्याबरोबर वाहतात, कितीदा तरी कात टाकतात, आणि मग कुठं छोटी शेवंड होऊन तळाला जातात. लाखातली एखादी जगते."

त्यांनी भिंग हातात दिलं. तांबूस अंड्यांत काळे ठिपके दिसले, दोन दोन. डोळे! एवढ्याशा दाण्यातून कुणीतरी माझ्याकडे बघत होतं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू?

सोमवारी शाळेत दाखवून झालं आणि जोतिबा न्यायला आला, तेव्हा हे तिला पाठवायलाच निघाले होते. मीच आडवी आले. "राहू द्या हो गुरुवारपर्यंत. डोळे आलेत, पिल्लं निघतील. मी सांभाळते."

मंगळवारी हे परीक्षेच्या कामाला निपाणीला गेले. मी दिवसभर करवंटीनं पाणी उचलून उंचावरून परत ओतत होते, म्हणजे त्यात हवा मिसळते. पण बुधवारी सकाळी पिंपातल्या पाण्याला वास मारू लागला. ताजं पाणी एकच पिंपभर होतं. कुबट पिंपात ते ओतायला माझं मन होईना, आणि ताज्या पाण्याचं पिंप तिच्या मिशांना अरुंद होतं. लेकुरवाळी पाहुणी, तिला चांगल्या भांड्यात ठेवावं म्हणून मी न्हाणीतलं तांब्याचं मोठं घंगाळ काढलं. माझ्या लग्नातलं. चिंच लावून असं घासलं की तोंड दिसावं. आम्ही प्यायचं पाणी तांब्यात ठेवणारी माणसं. तांब्यात पाणी शुद्ध राहतं, हे मला शिकवावं लागत नव्हतं. सगळं पाणी त्यात ओतलं आणि तिला अलगद सोडलं. फार बरं वाटलं.

दुपारी पानं मंद झाली. मिशा खाली आल्या. मला वाटलं, हवा कमी पडतेय. मी पदर खोचला आणि करवंटीनं त्याच घंगाळातलं पाणी त्याच घंगाळात ओतत राहिले, खांदा भरून आला तरी थांबले नाही. ती एकदा कुशीवर कलली. मी बोटानं सरळ केली, ती पुन्हा कलली. शेजारच्या जयाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "अगं, समुद्र हितं कुठनं आणणार तू?" त्यांच्यावर मी केवढ्यानं तरी ओरडले. त्यांचं काय चुकलं होतं? चार वाजता पानं थांबली.

संध्याकाळी हे आले. मी काही बोलायच्या आत त्यांना घंगाळ दिसलं. काठाला पाण्याच्या रेघेवर हिरवट कड आली होती. ते उकिडवे बसले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"पद्मे," ते हळूच म्हणाले, "ताक कशात ठेवतेस तू?"

"चिनी मातीच्या बरणीत," मी म्हटलं. "तांब्यात कळकेल ना—"

आणि मी तोंडावर हात ठेवला. बिनकल्हईच्या तांब्याला आंबट-खारट लावायचं नाही, त्याचं विष होतं, हे मला सातव्या वर्षापासून ठाऊक. मी ते पाणी म्हणून ओतलं. मीठ म्हणून ते माझ्या मनातच आलं नाही.

मी भिंग घेतलं. डोळे तसेच होते, काळेभोर.

"अंडी जिवंत असतील का हो?"

"असतील काही. पण दुसरं पाणी कुठाय?"

कुबट पाणी मी सकाळीच ओतून दिलं होतं, आणि ताजं सगळं घंगाळातच होतं. तरी मी हात घातला आणि ती थांबलेली पानं एका बोटानं हलवत बसले. यांनी मला उठवलं नाही.

गुरुवारी जोतिबा दारात आला. "वैनी, पावनी तयार हाय न्हवं?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्याला काय कळायचं ते कळलं. डोक्याचा रुमाल काढून तो पायरीवर टेकला. उन्हातनं आलेला माणूस, म्हणून मी आत जाऊन त्याच्यासाठी ताक आणलं. आंबलं नव्हतं, कळकलं नव्हतं. मी ते नीट ठेवलं होतं.