जाताना खाट, येताना सीट

"ज्या गाडीनी पोऱ्याले पाडं, तिन्हामाच त्याले निजाडतस. वा रे बाप!"

सुंदरबाई हे कोणाला सांगत नव्हत्या. ओट्यावर बसून त्या गहू निवडत होत्या आणि सुपातल्या खड्याला ऐकू जाईल एवढाच त्यांचा आवाज होता. पण शेजारी गिरधरचे पाय चोळत बसलेल्या लताला तो ऐकू गेला. खाटेवर पडलेल्या गिरधरलाही गेला. ज्यांच्यासाठी होता ते मोतीलालनाना अंगणात वाकून चुन्याची फक्की टाकत होते. ते एसटीत आयुष्यभर ड्रायव्हर होते. मागून येणारं बोलणं ऐकायचं नाही, ही सवय त्यांना नोकरीनंच लावली होती.

घराचा पाया आखतात तशी फक्की पडत होती. फरक एवढाच, की हे घर चाकांवर होतं. देवपूरच्या त्या अंगणाबाहेर, कडुनिंबाखाली, गिरधरची मॅटाडोर उभी होती. तिच्या पोटात जेवढी जागा, तेवढा चौकोन नानांनी अंगणात उतरवला होता.

गेल्या चैत्रात गिरधर दोंडाईच्याहून मिरचीची पोती भरून निघायच्या बेतात होता. टपावर चढून तो दोर आवळत होता, आणि दोर तुटला. गिरधर पाठीवर पडला. कमरेवरचा गिरधर घरी आला, कमरेखालचा तिथेच रस्त्यावर राहिला. धुळ्याच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरून पाहिले आणि म्हणाले, घरी न्या, सेवा करा. सेवा करा म्हणजे काय, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. घरी येताना मात्र सगळे कापसाच्या भावाविषयी बोलत होते, आणि त्यांच्यापैकी कोणाचंही कापसाचं शेत नव्हतं.

त्यानंतर नानांनी मॅटाडोर विकू दिली नाही. साक्रीच्या पुढे डोंगरात एक जडीबुटीवाला होता. गुजरातेत मालिश करणारा एक वैद्य होता, त्यानं म्हणे लाकडासारखी माणसं चालवली होती. त्याच्याही पलीकडे हरिद्वार होतंच. पण असा पेशंट कोण कुठवर नेणार? म्हणून गाडीतच घर करायचं. खाट, स्टो, पाण्याची टाकी, सगळं.

"हे बघा." नाना फक्कीच्या आत उभे राहून काठीनं दाखवू लागले. "हे ड्रायव्हर क्याबिन. इथं मी. त्याच्यामागं स्टो. उजव्या अंगाला गिरधर. डाव्या अंगाला गिरधरनी माय. मधून प्यासेज."

"आणि लता?" गिरधरनं ओट्यावरून विचारलं.

नानांनी चौकोन पाहिला, पुन्हा पाहिला. सगळी जागा वाटून झाली होती.

"लता प्यासेजमध्ये," ते म्हणाले.

"सुनेले स्टँडिंग!" गिरधर हसला. "तिकीट तरी अर्धं घ्या, नाना."

लताही हसली. ती फक्कीच्या आत गेली आणि समोर चूल असल्यासारखी खाली बसून पाहू लागली. हात लांब केला की गिरधरच्या खाटेची कड लागत होती. त्याला कुशीवरून कुशीवर करायला एवढं पुरे होतं. रात्रंदिवस तिचं तेच काम होतं. गिरधरच्या पाठीला दुखणं कळत नव्हतं, म्हणून ते लताला कळून घ्यावं लागे.

"पण खाटेची गंमत तुम्हाला माहीत नाही," नाना म्हणाले. ही गंमत त्यांनी शेवटी राखून ठेवली होती. "मधोमध बिजागऱ्या. पाडली की खाट, उचलली की पाठ टेकायची सीट. जाताना खाट, येताना सीट! परतताना पोऱ्या बसून येईल. खिडकीही बसल्या माणसाच्या डोळ्याला बरोबर लागेल अशी कापायची. पांझरा नदीचा पूल आला की तो खिडकीतून हात दाखवील."

सुंदरबाईंनी सुपाला एक झटका दिला.

लताच्या मनात दुसरंच होतं. मधोमध म्हणजे बरोबर कंबर. कमरेखाली, माकडहाडावर, एक तांबूस चट्टा गेल्या आठवड्यापासून दिसत होता. ती त्याच्याखाली जुन्या लुगड्याची मऊ घडी ठेवत होती.

"नाना, खाट सलगच केली तर?" ती म्हणाली. "सीटचं नंतर बघता येईल. सध्या काही..."

"सध्या काही काय?" सुंदरबाईंचं सूप थांबलं. "कपाळवर कुंकू लाईसन असं बोलतस का? बायकोना तोंडनं आखं खरं व्हस, माहीत शे ना?"

लता फक्कीतून उठून पुन्हा गिरधरच्या पायांशी जाऊन बसली. बायकोच्या तोंडचं नवऱ्याला लागतं, हे तिच्या जळगावाकडच्या माहेरीही म्हणत. तिला ते पटत नव्हतं. पण पटत नाही म्हणून भीती वाटायची राहते, असं थोडंच असतं?

*

काम नूर महंमद मिस्तरीनं घेतलं. हायवेवर ट्रकच्या बॉड्या बांधण्यात त्याचे केस पांढरे झाले होते, आणि गिरधरच्या टपाचा कठडाही पूर्वी त्यानंच बांधलेला होता. त्या कठड्याविषयी तो बोलत नसे. मजुरीविषयीही बोलत नव्हता.

गाडीच्या फळ्यांच्या फटीत मिरचीची बुकणी बसली होती. किती धुतलं, झाडलं, तरी रंधा फिरला की ती उडायची. नूर महंमद शिंकायचा, नाना शिंकायचे, रस्त्यावरून जाणारा शिंकायचा. त्या मिरचीची एक सोय होती. गाडीतून उतरल्यावर डोळे पुसायला कोणाला कारण शोधावं लागत नव्हतं.

नाना रोज नवं काही सुचवायचे. एसटी त्यांच्या हाडात होती, त्यामुळे सुचायचं तेही एसटीचंच. सामानाला रॅक. दाराला कंडक्टरचं असतं तसं खिट्टीचं कुलूप. आणि एक दिवस त्यांनी पितळेची घंटी आणली. घंटी क्याबिनमध्ये, दोरी खाटेपर्यंत.

"एक मारली की थांबायचं, दोन मारल्या की निघायचं," नाना म्हणाले. "मी पुढं, तू मागं. हाक कशी ऐकू येणार?"

"म्हणजे मी कंडक्टर," गिरधर म्हणाला.

"तू कंडक्टर. मी ड्रायव्हर. तुनी माय चेकर."

"चेकर ते जनमनी शे," सुंदरबाई म्हणाल्या, आणि घंटी लागली त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःहून गाडीपाशी आल्या. आत डोकावल्या, शिंकल्या, आणि परत गेल्या.

रात्री लता कूस बदलत असताना गिरधर हळूच म्हणाला, "म्हाताऱ्याला करू दे काय करायचं ते. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा धड जेवतोय."

"आणि तुमचं?"

"माझं काय? मी कंडक्टर."

चट्ट्याची कातडी आता ओलसर झाली होती. लतानं सांगितलं नाही. त्याला दुखत नव्हतं. मग सांगून द्यायचं काय, तर फक्त माहिती.

सकाळी चादर धुताना सुंदरबाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. चादरीवर रुपयाएवढा डाग होता. लतानं तो मुठीत धरला. चरवीभर पाणी त्यांनी त्या मुठीवर ओतलं आणि आत निघून गेल्या.

*

खाट बसली त्या दिवशी नाना सकाळीच दाढी करून, खाकी शर्ट घालून तयार होते.

"मोतीभाऊ, एक बोलू?" नूर महंमद म्हणाला. "बीचमें जोड आला की फट ऱ्हाणारच. वरून रेक्झिन मारलंय, पण गाडी हलली की ती तोंड उघडणार."

"एवढी एवढी फट!" नाना म्हणाले. "मी त्याले बसवून आणणार आहे, नूरभाई. एवढ्याशा फटीसाठी काय सीट सोडून द्यायची?"

नूर महंमदनं लताकडे पाहिलं. लतानं सुंदरबाईंकडे. सुंदरबाई नारळ पुसत होत्या.

गोधडीची चार टोकं धरून गिरधरला गाडीत चढवलं. सुंदरबाईंनी चाकाजवळ नारळ फोडला आणि त्या फाटकातच थांबल्या. लता प्यासेजमध्ये उभी राहिली. नूर महंमद नानांच्या शेजारी बसला.

"बेल!" नानांनी पुढून आवाज दिला.

गिरधरनं दोनदा दोरी ओढली. टण्, टण्. मॅटाडोर निघाली. नानांचा खांदा आपोआप उंच झाला. पन्नास माणसं पाठीशी असल्यासारखे ते गाडी चालवू लागले. गल्लीतली माणसं बाजूला होऊन बघत होती. कोणी हात केला, तर कोणी टोपी काढली. टोपी काढणारानं ती घाईघाईनं परत घातली.

"काय दिसतंय तुम्हाला?" लतानं विचारलं. गिरधरच्या डोळ्यांसमोर गाडीची भिंत होती. खिडकी अजून कापली नव्हती. तिची जागा खडूनं आखलेली होती, वर, त्याच्या कपाळाच्याही वर हातभर.

"पत्रा."

"कसा आहे?"

"चांगला आहे. नूरचाचांनी रंग बरा मारलाय."

पुलाच्या अलीकडे रस्ता उखडलेला होता. गाडी हादरायला लागली, आणि नूर महंमद म्हणाला होता तसंच झालं. मधली फट उघडायची, मिटायची. मिटताना चादर आत ओढून घ्यायची, चादरीबरोबर लुगड्याची घडी सरकायची. लता गुडघ्यावर बसली आणि तिनं हात खाली घातला. तिला वाटलं होतं, हात मध्ये राहिला म्हणजे फट मिटणार नाही. फट तिच्या बोटांवर मिटली. ती ओरडली नाही.

"लता, काय झालं?"

"काही नाही. खड्डा होता."

गिरधर तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. मग त्यानं हात वर केला आणि दोरी ओढली. एकदाच.

गाडी थांबली. "का रे? लघवी?" नानांनी मान वळवून विचारलं.

"नाही. बास झालं आता, नाना. घरी चला."

"पूल तर बघ अजून!"

"परतताना बघू," गिरधर म्हणाला.

*

फाटकाशी गाडी लागली तेव्हा नाना घामाघूम आणि खूश होते. मागचं दार उघडून ते म्हणाले, "स्प्रिंगा जरा कडक आहेत, बाकी एक नंबर! नूरभाई, आता पत्रा कापा. खिडकी झाली की संपलं." आणि गिरधरच्या पायांशी बसून त्यांनी ताठ मान केली. "बापलेकाची उंची एकच. माझ्या डोळ्याला लावून घ्या."

नूर महंमदनं पत्रा कापायची छिन्नी घेतली. घण घेतला नाही.

लतानं गिरधरखालून हात काढून घेतला. बोटं लाल होती. त्यातलं किती आपलं, किती त्याचं, तिला सांगता आलं नसतं. तिनं हात पदराखाली घेतला आणि मान वर केली, तर दारात सुंदरबाई उभ्या होत्या. त्यांनी पदर पाहिला होता.

आता बोलल्याशिवाय इलाज नव्हता. सासूनं जन्मभर तोंड बघितलं नाही तरी चालेल. जे लागायचं ते लागो.

"नाना," ती म्हणाली, "ही खाट... हे..."

"तू गप बस." सुंदरबाईंचा आवाज नेहमीसारखाच करवादलेला होता. "तू नको बोलू. तुना कपाळवर कुंकू शे."

त्यांनी लुगडं गुडघ्याशी खोचलं आणि दाराची कड धरून त्या गाडीत चढल्या. प्यासेजमधून पुढे आल्या. नूर महंमदच्या कानावरचा खडू काढून घेतला. मग खाटेशेजारी गुडघे मोडून बसल्या, आणि आपलं डोकं गिरधरच्या उशीवर, त्याच्या डोक्याला लावून आडवं टेकवलं. गिरधरनं त्यांना सरकून जागा दिली, जेवढी त्याला देता येत होती तेवढी. मायलेक एकाच बाजूला बघत होते. समोर पत्रा होता.

सुंदरबाईंनी पडल्या पडल्या हात लांब केला आणि नजर जिथे लागत होती तिथे, खाटेच्या कडेपासून वीतभर वर, एक आडवी रेघ ओढली.

"आठे काप, नूरभाई," त्या म्हणाल्या. "आनि त्या बिजागऱ्या काढी टाक. मना पोऱ्या काही आते उठस नही."