बाबांचं 'पाहू'

आमच्या बाबांनी जन्मात कोणाला सरळ 'नाही' म्हटलेलं नाही. ते 'पाहू' म्हणतात. बारावीनंतर कॉलेजला जाऊ का विचारलं, तर 'पाहू'. बी.ए. झाल्यावर इंग्रजीत एम.ए. करू का विचारलं, तरी 'पाहू'. आणि त्या 'पाहू'वर मी अमडापूर ते चिखली एसटीनं ये-जा करत शेवटच्या सेमिस्टरपर्यंत आले. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, 'पोरीचं लगन उरकून टाक' म्हणायचे, त्यांनाही बाबा 'पाहू'च म्हणायचे. मला आणि मोठेबाबांना, दोघांनाही वाटायचं, आपलं ऐकलं.

थकले होते मी, खरं सांगते. सकाळी स्वयंपाक, मग एसटीत उभ्यानं, संध्याकाळी पुन्हा भाकरी, आणि वर प्रॅग्मॅटिक्सच्या नोट्स. माणूस शब्दांत एक बोलतो आणि सांगायचं दुसरंच असतं, ते समोरच्याला कळतं कसं, याचा हा विषय. उदाहरणं सगळी परदेशातली. खिडकी लावा म्हणायचं असेल तर ती माणसं म्हणे 'गारठा आहे नाही इथे?' म्हणतात. घ्या! याला पुस्तक कशाला लागतं? आमच्या घरी सगळा संसार यावरच चाललाय.

शिकवायला गार्गी मॅडम. पुण्याच्या. बाई मनानं चांगली, शिकवायची तेही जीव ओतून. त्यांच्याजवळ मी एकदा बोलून गेले, की स्थळ आलंय, पण परीक्षेपर्यंत बाबा थांबतील असं वाटतं.

'वाटतं म्हणजे? स्पष्ट विचारलंस का त्यांना?'

'नका हो मॅडम. चाललंय तसं चालू द्या.'

ऐकतील तर मॅडम कसल्या! रविवारी स्कूटी घेऊन थेट दारात हजर.

नेमके तेव्हाच मोठेबाबा आणि स्थळ आणणारे पाहुणे ओसरीत बसलेले. मी चहा ठेवला आणि दाराशी उभी राहिले. मॅडमनी गोडीनं सुरुवात केली. 'काका, काजलचं एवढं शेवटचं सेमिस्टर पूर्ण होऊ द्या.'

'बसचं काही खरं नाही, मॅडम,' बाबा म्हणाले.

'माझ्याकडे राहू दे ना चिखलीला.'

'तिच्या मायचे गुडघे दुखतात.'

'शनिवार-रविवार येईल ती घरी.'

'हरभरा सोंगाले येईन आता.'

'परीक्षा कापणीनंतर आहे, काका.'

मी डोळ्यांनी खुणावत होते, बास करा म्हणून. अहो, ती कारणं पाहुण्यांच्या कानांसाठी होती! पोरीच्या शिक्षणाचा आपण हट्ट धरलेला नाही एवढं त्यांना दिसलं, की ते गप्प बसले असते, मॅडम उठून गेल्या असत्या, आणि सोमवारी मी पुन्हा एसटीत असते. पण मॅडम एकेक कारण गणितासारखं सोडवत सुटल्या. बाबांजवळ कारणंच उरली नाहीत.

मोठेबाबा बाबांकडे बघायला लागले. पाहुणेही. आणि मॅडम म्हणाल्या, 'काका, एकदाच सांगा. हो की नाही?'

आत चहा उतू चालला होता, पण मी हलले नाही. बाबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला.

'नाही,' म्हणाले. 'नाही शिकवाचं आता.'

'झालं मंग, तारीख काढू,' पाहुणे लगेच म्हणाले. मोठेबाबांनी मांडीवर थाप मारली. मॅडमचे डोळे भरून आले. असा संताप आला होता मला त्यांचा, आणि कीवही येत होती. स्कूटीपर्यंत सोडायला गेले तर म्हणतात, 'निदान त्यांच्या मनात काय आहे ते तरी कळलं.' आता या बाईला काय सांगणार? 'हो मॅडम,' म्हटलं.

सगळे गेल्यावर बाबांना ताट वाढून नेलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

'तिनं मले बोलाले काऊन लावलं वं?' माझ्याकडे न बघता म्हणाले. 'तुही परीक्षा होयेपर्यंत म्या सारं ढकलत नेलं असतं.'

'मग आता सांगा ना त्यायले, बाबा.'

'चार लोकायसमोर बोललो, पोरी. आता मांगं कसं घेऊ?'

इतकं सरळ बाबा माझ्याशी पहिल्यांदाच बोलले, आणि मला ते ऐकायचंच नव्हतं.