निवट्यांच्या वह्या

तरुणपणी दोन वर्षं दौलतनं अंजूरच्या खाडीत होडी वल्हवली ती मासळीसाठी नव्हे, गोरक्षबाईंसाठी. बाई मुंबईच्या, संशोधन करायच्या. ओहोटीला चिखलावर निवटे मासे उड्या मारत बाहेर यायचे. ठरलेल्या पाच जागी ते किती, हे दौलत मोजायचा आणि बाई वहीत टिपायच्या. एक दिवस त्याच्या आईच्या हातचं जिताड्याचं कालवण खाऊन बाई गेल्या, त्या गेल्याच. वह्यांचं पुढं काय झालं, हे त्याला कळलं नाही.

२००७ साली त्याची लेक मृणाली भिवंडीच्या कॉलेजात बीएस्सी करत होती. त्या दिवसांच्या गोष्टी ऐकतच ती वाढलेली. सायबर कॅफेत तिला बाईंचा लेख सापडला, पण चार ओळींपुढं पान उघडेना. वाचायचं तर डॉलर भरा.

"खाडी आपली, आन आपल्यालाच दावत न्हाय?" दौलत हसला, पण त्याला ते लागलं.

मृणालीनं बाईंना ईमेल केली. त्या निवृत्त होऊन पुण्यात होत्या. लेख मासिकाच्या मालकीचा झाला, पण वह्या माझ्याच आहेत, त्या मी इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुल्या ठेवल्यात, असं त्यांनी कळवलं.

मृणाली पानं छापून आणून ओट्यावर वाचू लागली. पानोपानी 'दौलत म्हणतो' असं लिहिलेलं. ऐकता ऐकता दौलतला आईची हाक, वल्ह्याचे घट्टे, सगळं आठवत गेलं. एका तारखेला मात्र त्यानं तिला थांबवलं. त्या दिवशी बाई तापानं आल्या नव्हत्या, आणि हा मोजायचं सोडून टेमघरला मित्राच्या हळदीत नाचत होता. आकडे मनानंच सांगितले होते.

"पुसायला सांग त्यांना," तो म्हणाला. "आता सगळी दुनिया वाचंल."

बाईंनी पुसलं नाही. शेजारी लिहिलं, 'हे आकडे अंदाजे. दुरुस्ती: दौलत, अंजूर, २००७.' मृणालीला त्यांनी कळवलं, "ते आकडे मला तीस वर्षं खटकत होते. वही कपाटात राहिली असती तर कधीच कळलं नसतं. आता तिथं निवटे किती आहेत, बाबांना विचार."

पुढच्या अमावास्येला, संध्याकाळच्या ओहोटीच्या वेळी दौलतनं शेजारच्या केसरीनाथची होडी मागून घेतली. तीन जागांवर भराव पडून गोदामं उभी होती. चौथीवर नुसता चिखल. मृणालीनं शून्य लिहिलं. पाचवीवर तो बराच वेळ मोजत राहिला, मध्येच चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.

"सतरा," तो म्हणाला. "आन खाली लिही, एखादा दोनदा मोजला आसंल."